अर्ध्या इंचाची पट्टी

"याला परवानगी लागत नाही," खिडकीतली बाई म्हणाली, आणि दाराला खांदा लावून जोर करावा अन् आतून कडीच नसावी, तसं माझं झालं. तोंडावर आपटायचीच राहिले. मी भांडायच्या तयारीनं आले होते. निघताना चष्मा पुसला होता, केस घट्ट बांधले होते, कागद तारखेनं लावून पिशवीत घातले होते, आणि जिभेला सांगून ठेवलं होतं, आज तुझा दिवस. कचेरीत गेलं की समोरचा 'नाही' म्हणतो, आपण 'का नाही' म्हणायचं, मग तो 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतो, आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आपण घरी यायचं, अशी जगाची रीत आहे. ही बाई मात्र माझा नकाशा एकदा उभा, एकदा आडवा धरून बघते काय, आणि सुटे आहेत का विचारावं तितक्या सहज म्हणते काय, की लागत नाही. मी विचारलं, म्हणजे मिळणार नाही का. ती म्हणाली, मिळायचा प्रश्नच नाही बाई, मागायचीच नाही. मेलेल्या माणसाची जमीन घरच्याच वारसांत वाटायची असेल, तुकडे तीनच असतील, प्रत्येक तुकडा आहे त्याच रस्त्याला लागून असेल आणि ठरल्या मापाहून लहान नसेल, तर सूट आहे. नुसती नोंद करायची. सगळ्यांच्या सह्या, एक शिक्का, झालं. मी विचारलं, ही सूट कधीपासून. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पहिल्यापासून," ती म्हणाली.

आता हे 'पहिल्यापासून' मला का लागलं ते सांगते, लपवाछपवीचं माझं वय गेलं. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मला दोन मुलं, थोरला आणि धाकटी. धाकटी म्हणजे मुलगी. रस्त्याच्या कडेनं लांबट अशी आमची जागा, तिच्यात राहतं घर, आणि डाव्या अंगाला पत्र्याचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं, आठ शिलाई मशिनं आणि एक कापायचं लांब टेबल. शाळांचे, दवाखान्यांचे, पहारेकऱ्यांचे गणवेश आम्ही शिवतो. नवरा गेला त्याच वर्षी थोरल्यानं हळूच विचारलं, आई, जागेचं कसं करायचं. थोरला सगळंच हळूच विचारतो, जेवताना मीठसुद्धा. मी म्हटलं, सरकारची परवानगी आली की वाटणी करू. कसं सुचलं देव जाणे. तुकडे पाडायला सरकारला विचारावं लागतं एवढं मला माहीत होतं, कारण आमच्या शेजारच्या लोहाराला लागलं होतं. पण त्याचे नऊ तुकडे होते, चार परक्यांना विकायचे होते आणि मधून नवा रस्ता काढायचा होता. जोडे झिजले बिचाऱ्याचे. त्याच्या मापाचा कोट मी आमच्या अंगावर चढवला, टेप न लावता. आणि तो इतका छान बसला, की अकरा वर्षं कुणी उसवून बघितला नाही.

दर तीन-चार महिन्यांनी मी घरात जाहीर करायचे, आज कचेरीत जाऊन येते. सून डबा द्यायची. कचेरीत शिरलं की उजव्या हाताला लांब बाक आहे, भिंतीला लागून, डोक्यावर पंखा. तिथं बसायचं, शेंगदाण्याची पुडी सोडायची, आणि माणसं बघायची. कुणाच्या बाह्या कुणी बसवल्यात, कुणाचा काखेतला जोड उसवलाय, कुणाच्या पॅंटची तुरपाई बायकोनं केलीय आणि कुणाची त्यानं स्वतः. दोन तास मजेत जायचे. मग घरी येऊन दमल्यासारखं बसायचं आणि म्हणायचं, चालू आहे काम. सरकारचं काम म्हणजे काय बटण लावणं आहे? थोरला मान हलवायचा. सून पाणी आणायची. धाकटी मात्र माझ्याकडे एक क्षण जास्त बघायची, आणि मशिनवर जाऊन बसायची. खिडकीशी मी अकरा वर्षांत एकदाही गेले नव्हते. आजही गेले नसते. पण आज धाकटीनं मला स्कूटरवर आणलं, आणि ती फाटकाशी उभी राहून म्हणाली, तू आत जा, मी इथून बघते.

धाकटीचं असं आहे, की ती गणवेश शिवत नाही. गाड्यांच्या सीटा शिवते. जाड कातडं, दुहेरी दोरा, सुई बघाल तर दाभण. तिचं मशीन मोठं आणि आवाज त्याहून मोठा, म्हणून मी तिला कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात बसवलंय, जिथं गाडी काही येऊ शकत नाही. लोक सीटा काढून डोक्यावर घेऊन येतात. तिला रस्त्याकडेचा तुकडा हवा, तिथं शेड बांधायची, गाडी सरळ आत. कधीपासून हवा? आता तीही पहिल्यापासूनच म्हणेल. तिच्या नवऱ्याला दुसऱ्या गावी कुणी जागा देतोय, शेडसकट. शनिवारी हो किंवा नाही सांगायचं आहे. आज गुरुवार. "आई, मला जायचं नाही," स्कूटर सुरू करायच्या आधी ती म्हणाली होती, "पण मी चाळीस वर्षांची झाले. कोपऱ्यात बसायचं वय गेलं." मी मागं बसले आणि वाटेत एक शब्द बोलले नाही, जे माझ्या बाबतीत आजारपण समजलं जातं.

तर बाईनं 'पहिल्यापासून' म्हटलं, आणि तेवढ्यात तिनं नकाशावर पेन्सिल टेकवली. नकाशा माझ्याच हातचा. नवरा गेला त्या वर्षी, कापायच्या टेबलावर, खाकी कागदावर काढलेला. आठ फुटांना एक इंच. थोरल्याचा तुकडा डावीकडे, धाकटीचा उजवीकडे, मधला माझा. बाई म्हणाली, हे तीन तुकडे कळले, पण यांच्यामधे या दोन पट्ट्या आहेत, या कुणाच्या? मी म्हटलं, कुणाच्या कशाला असतील. ती म्हणाली, अर्धा-अर्धा इंच आहेत, म्हणजे जमिनीवर चार-चार फूट. मी वाकून पाहिलं. खरंच होत्या. प्रत्येक दोन तुकड्यांमधे दोन रेघा, सरळ, सुबक, अर्ध्या इंचाच्या अंतरानं. आणि मला माझाच हात दिसला, रेघ मारून झाल्यावर पट्टी अर्धा इंच सरकवून दुसरी मारणारा, जसा तो पन्नास वर्षं करतोय. कापड कापताना दोन तुकड्यांच्या कडेला शिवणीपुरतं जास्तीचं सोडावं लागतं, नाहीतर जोडायचं कशाला? त्याला धंद्यात माया म्हणतात. हे मी बाईला समजावून सांगितलं. अकरा वर्षांत मला स्वतःला दिसलं नव्हतं ते तिला सांगताना माझे कान गरम झाले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "जमीन पुन्हा शिवणार आहात का?" तिनं विचारलं.

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, म्हणून मी जीभ आवरली. तिनं पुढचं सांगितलं ते असं: या पट्ट्या ठेवल्या तर कागदावर तो नवा रस्ता धरला जाईल, दोन नवे रस्ते, मग सूट नाही. मग अर्ज, मोजणी, पाहणी, हरकती, तीन वर्षं धरा, चार धरा. पट्ट्या काढल्या तर आत्ता नोंद. एक वाजता खिडकी बंद होते, ती म्हणाली, आणि खोडरबर माझ्यापुढे सरकवलं. तिच्या बाहीचं टोक हातानं दुमडलेलं होतं, बारीक, सारख्या टाक्यांचं. अशी शिवण असलेली बाई खोटं बोलत नाही. मी नकाशा आणि खोडरबर घेऊन माझ्या बाकावर येऊन बसले. घड्याळात साडेबारा होऊन गेले होते.

गंमत बघा. आयुष्यभर लोक म्हणतात सरकार अडवतं, आणि मला सरकारनं हातात खोडरबर देऊन मोकळं सोडलं होतं. आता अडवणारं कोण राहिलं? खाकी कागद मांडीवर, दोन पट्ट्या माझ्याकडे बघताहेत. ठेवल्या तर चार वर्षं. चार वर्षांत मी ऐंशीची होईन, आणि धाकटी शनिवारीच जाईल. पण सरकारनं अडवलं असं म्हणता येईल, आणि खोटंही नसेल ते, पहिल्यांदाच. माझ्या मनात हे इतक्या पटकन आलं, की मला माझाच रागही आला आणि थोडं कौतुकही वाटलं. म्हातारी झाले तरी डोकं चालतंय.

काय जाणार होतं माझं? मला जमीन काय करायची, मी काय ती अंगावर घेणार आहे. पण रोज सकाळी आठला कारखान्याचं दार उघडलं की एकेक जण माझ्यासमोरून जातं आणि विचारतं, आई, आज काय? थोरला विचारतो, सून विचारते, कामाच्या बायका विचारतात. धाकटीही विचारते, जरी तिच्या सीटांतलं मला ओ की ठो कळत नाही. मी म्हणते, आधी ती निळी सीट संपव, आणि ती म्हणते, बरं. आमच्या घरात पालसुद्धा मला विचारून चुकचुकते, असं थोरला म्हणतो, मी खोलीत नाही असं समजून. हे 'आज काय' म्हणजे माझं सकाळचं औषध आहे. तुकडे पडले की थोरला कारखाना चालवणार, धाकटी शेड, आणि मी मधे, राहत्या घरात, खिडकीतून रस्ता बघत. विचारणार कोण? दूधवाला. त्याला तरी काय सांगायचं, अर्धा लिटर.

आणि ही चटक मला लागली कशी तेही मला त्या बाकावर नेमकं आठवलं, इतकं स्वच्छ की खडूचा वास आला. सासूबाईंच्या राज्यात खिडकी उघडायलाही विचारावं लागे. मी चौथीतून शाळा सोडलेली, पण हात हुशार; मला कापायचं होतं, आणि त्या मला तीन वर्षं काजं करायला बसवून होत्या. कापणं हे मुलाचं काम, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. तो बिचारा चांगला माणूस, पण चाळीस थरांच्या कापडावर मोठी कात्री टेकवली की त्याला घाम फुटायचा. एकदा तापानं पडला. पहारेकऱ्यांचे चाळीस कोट दोन दिवसांत द्यायचे होते. घरभर सुतक असल्यासारखी शांतता. मी सकाळी उठले, टेबलापाशी गेले, थर सरळ केले, खडूची रेघ मारली आणि कात्री घातली. पहिला घास घेताना कात्री जो आवाज करते, खर्रर्र, तो आत पोटापर्यंत जातो. मागं सासूबाई येऊन उभ्या राहिल्यात हे मला मानेच्या केसांना कळलं. मी वळले नाही. बगलेचं वळण कापलं, गळ्याचं कापलं, थर उचलून बाजूला ठेवला. त्या आल्या तशा परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र टेबलापाशी आल्या, आणि दुसरीकडेच बघत म्हणाल्या, आज काय कापायचं गं? तेव्हा मी पंचविशीची होते. त्या चार शब्दांवर मी पन्नास वर्षं काढली.

पण मी परवानगी कुठं मागितली होती? बाकावर बसून मला हे पहिल्यांदाच सुचलं, आणि मी शेंगदाणा चावायची थांबले. मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नाही. ज्या हातानं विचारल्याशिवाय कात्री घातली, तोच हात उरलेलं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारायला लावत बसला. आणि माझी धाकटी, माझ्याच पोटची, माझंच नाक, माझीच जीभ, ती अकरा वर्षं विचारतेय. का? रस्त्याकडेच्या तुकड्यावर चार खांब ठोकून पत्रे टाकले असते तर मी काय केलं असतं? आरडाओरडा केला असता, दोन दिवस जेवले नसते, तिसऱ्या दिवशी पत्र्याला रंग कुठला द्यायचा ते सांगायला गेले असते. मला तिचा राग आला. माझी मुलगी इतकी गरीब कशी? कुणावर गेली ही? बापावर, दुसरं काय.

कचेरीच्या जाळीच्या खिडकीतून फाटक दिसत होतं. धाकटी स्कूटरला टेकून उभी नव्हती. फाटकातून आत येणाऱ्या एका मोटारीकडे बघत होती, मग फाटकाची रुंदी तिनं पावलांनी मोजली, एक, दोन, तीन, चार, खांबाला हात लावून परत फिरली, पुन्हा मोजली. ओठ हलत होते. पहारेकरी काहीतरी बोलला, ती हसली, आणि त्याला हातवारे करून दाखवू लागली, दार इकडे, गाडी अशी, मशीन तिकडे. उन्हात उभी राहून तिनं त्याला अख्खी शेड बांधून दाखवली. पहारेकऱ्याच्या अंगावरचा गणवेश आमच्याच कारखान्यातला होता, खांद्यावरनं ओळखला मी. मग तिनं घड्याळ बघितलं, आणि आत आली.

मी घाईनं नकाशाची घडी घातली. जिभेवर एक छानसं वाक्य तयार होतं, पट्ट्यांचं काहीतरी निघालंय म्हणते, सरकारी काम, तुला माहीतच आहे. ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि माझ्या पुडीतले शेंगदाणे घेतले, न विचारता. खिडकीतली बाई काय म्हणाली, असं तिनं विचारलंच नाही.

"बाक जरा हलतोय का गं?" ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी नव्हता हलत."

मी तिच्याकडे बघितलं. ती पंख्याकडे बघत होती. मग तिनं सांगितलं, की मी एकदा डबा विसरले होते, आणि तो द्यायला ती माझ्या मागोमाग आली होती. दारातूनच तिनं मला बघितलं. खिडकीकडे पाठ, मांडीवर पुडी, आणि एका जाड्या माणसाच्या कोटाकडे बघून मी स्वतःशीच हसत होते. ती अर्धा तास उभी होती, आणि मग डबा स्वतःच खाऊन परत गेली. अकरातली चार वर्षं तिला माहीत होतं. मी घरी येऊन 'चालू आहे काम' म्हणायचे आणि ती एक क्षण जास्त बघायची, ते हे.

"मग बोलली का नाहीस, मेले?"

"तू इतकी खूश दिसत होतीस, आई," ती म्हणाली. "म्हटलं, बसू दे."

माझ्या घशात शेंगदाण्याचं साल अडकलं, असं मी तिला सांगितलं. तिनं पाठीवर थोपटलं. गरीब नव्हती ती. तिनं मला चार वर्षं कापून दिली होती तिच्या आयुष्यातली, सरळ रेघेत, आणि मला त्याचा आवाजही ऐकू आला नव्हता. माझ्यापेक्षा भारी हात. मनातल्या मनात मी तो रागाचा कोट उसवला, आणि एकदम इतकी हलकी झाले की बाक पुन्हा हलला.

"ऊठ," मी म्हटलं. "एक वाजायला पाच मिनिटं आहेत, आणि ती बाई वेळेची पक्की आहे. तिची शिवण बघितलीय मी."

खिडकीच्या कट्ट्यावर मी नकाशा पसरला आणि खोडायला लागले. अकरा वर्षांची पेन्सिल खाकी कागदात मुरलेली, खोडलं की जाते आणि जात नाही, काळपट ढग राहतो. मी जोरात घासलं. बाई म्हणाली, हळू बाई, कागद फाटेल, डाग चालतो, रेघ नको. मग तिनं विचारलं, पट्ट्यांची जागा कुणाकडे? मी म्हटलं, डावी थोरल्याला, उजवी हिला. बाईनं मधल्या तुकड्याला पट्टी लावली, दोनदा लावली, आणि म्हणाली, तुमचा मापात जेमतेम बसतो. मी म्हटलं, मीही जेमतेमच उरलेय, बसेन. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, थोरल्या मुलाची सही लागेल, आणि माझ्या मनात पुन्हा एक शेवटची आशा हलली, खोटं कशाला बोलू. पण धाकटीनं तिच्या पिशवीतून संमतीचा कागद काढला. थोरल्याची सही, वळणदार, साक्षीदारासकट. परवाच घेतलीय म्हणाली. त्याला विचारलं होतं का, असं मी विचारलं, तर म्हणे, त्यानं एवढंच विचारलं, आईला कळलं तर ती रागवेल का. धाकटीनं सही केली, मग मी माझं नाव लिहिलं, चौथीच्या अक्षरात, एकेक अक्षर उभं करून. बाईनं शिक्का मारला. मला वाटलं होतं आवाज मोठा होईल. झाला नाही.

धाकटीनं तिकडच्या जागेला शनिवारी नाही सांगितलं. तीन आठवड्यांत तिच्या तुकड्यावर खांब उभे राहिले, पत्रे पडले, मशीन कोपऱ्यातून निघून रस्त्याकडे गेलं. भिंतीचं बांधकाम व्हायचंय, तोवर मोजणीवाल्यानं माझ्या आणि तिच्या तुकड्यामधे सुतळी ताणून ठेवलीय, गुडघ्याएवढ्या उंचीवर. काल सकाळी आठ वाजले, सव्वाआठ झाले. थोरल्यानं कारखाना उघडला, सवयीनं माझ्या दारापर्यंत आला, तोंड उघडलं, मग काहीतरी आठवून म्हणाला, आई, चहा झाला का? मी म्हटलं, झाला. तो गेला. मी दोनदा खिडकी पुसली. मग उठले, आणि अंगणातून चालत सुतळीपाशी गेले. पलीकडे धाकटी मशिनवर वाकलेली, समोर लाल सीट, दाराशी एक गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि तिचा मालक रिकाम्या जागेत डबा उपडा घालून बसलेला. सुतळी ओलांडायला एक पाऊल पुरे होतं. मी पाऊल उचललं, आणि का कोण जाणे, खाली ठेवलं.

"येऊ का गं?" मी विचारलं.

"थांब जरा," ती म्हणाली, मान वर न करता. "एवढी शिवण होऊ दे."

मला कुणी थांब म्हटल्याला पन्नास वर्षं झाली असतील. मी थांबले. ऊन पाठीवर छान लागत होतं. गाडीचा मालक माझ्याकडे बघून हसला, मीही हसले, त्याच्या शर्टाची कॉलर उलटी बसवलेली होती तरी. मशीन धडधडत होतं, लाल कातडं तिच्या हाताखालून पुढे सरकत होतं, आणि शिवण वळणापाशी थोडी, अगदी थोडी, बाहेर सुटत चालली होती. मला इथून दिसत होती. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"माहीत आहे, वाकडी जातेय," ती म्हणाली. "सरळ करते."

"मी कुठं काय बोलले," मी म्हटलं, आणि ती 'ये' म्हणेपर्यंत सुतळीच्या अलीकडेच उभी राहिले.